टेम्सच्या काठाने हरणांच्या रानापर्यंत

लंडन पाहून आलेल्या बहुतेकांना टेम्स नदी आठवते ती टॉवर ब्रिजखालची, दोन्ही बाजूंच्या दगडी धक्क्यांत आवळलेली. शहराच्या नैर्ऋत्येला हीच नदी मोकळी होते. वॉटर्लूहून सुटणारी जलद गाडी अर्ध्या तासाच्या आत ट्विकनहॅमला पोचते. तिथे उतरून नदीकाठ धरायचा, छोट्या नावेतून पलीकडे जायचं, चारशे वर्षं जुन्या हॅम हाउसवरून पुढे पीटरशॅम गावात यायचं, टेकडी चढून रिचमंड पार्कात शिरायचं आणि शेवटी उतारावरून रिचमंड स्टेशन गाठायचं. ही वाट आठ-नऊ किलोमीटरची. नुसतं चालायचं तर अडीच-तीन तास पुरतात. पण मध्ये बघण्यासारखं इतकं आहे, की सबंध दिवस हाताशी ठेवलेला बरा.

मुलाकडे किंवा लेकीकडे दोन-तीन महिने राहायला गेलेल्या आईवडिलांची लंडनमधली मोठमोठी ठिकाणं पहिल्या पंधरवड्यात बघून होतात आणि मग पुढे काय, असा प्रश्न पडतो. त्यांच्यासाठी ही वाट उत्तम. बहुतेक ठिकाणी तिकीट नाही, बसायला बाकं आहेत, स्वच्छतागृहं आहेत, मध्येच दमणूक झाली तर बस मिळते. शिवाय या वाटेवर जो इतिहास भेटतो त्यात राजेराण्या आहेतच, पण त्यांच्यापेक्षा लक्षात राहतात ती हट्टी माणसं. कुणी पायवाटेसाठी कोर्टात गेलं, कुणी नाव चालवण्याच्या हक्कासाठी, कुणी टेकडीवरून दिसणारा देखावा वाचवण्यासाठी झगडलं. आज जिथे कुणीही येऊन चालू शकतं तिथे एकेकाळी बंद दरवाजे होते, नाहीतर बंगल्यांचे प्लॉट पडायला आले होते. एवढं मनात ठेवून निघावं.

दिवस ठरवण्याआधी दोन वेळापत्रकं बघणं गरजेचं आहे. पहिलं रग्बीचं. ट्विकनहॅम हे इंग्लंडच्या रग्बीचं माहेरघर. तिथल्या स्टेडियममध्ये 82 हजार प्रेक्षक बसतात आणि सामन्याच्या दिवशी स्टेशन, रस्ते, खाणावळी सगळं ओसंडून वाहतं. तो दिवस सरळ टाळावा.

दुसरं वेळापत्रक भरतीचं, आणि ते जास्त महत्त्वाचं. समुद्रापासून इतक्या आत भरती कशी येईल, असं नवख्याला वाटतं. पण टेम्सचं पाणी टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापर्यंत भरती-ओहोटीने चढतं-उतरतं आणि तो बंधारा ट्विकनहॅमच्याही वरच्या अंगाला आहे. कोकणातल्या माणसाला उधाणाची भरती आणि भांगाची भरती यांतला फरक सांगावा लागत नाही; इथेही हिशोब तोच. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, विशेषतः त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत, पाणी काठ सोडून वाटेवर येतं. ट्विकनहॅमचा नदीलगतचा रस्ता आणि पलीकडे हॅम हाउसजवळचा वाहनतळ, दोन्ही पाण्याखाली जातात. तिथे निर्धास्तपणे गाडी लावून फिरायला गेलेल्यांच्या गाड्यांच्या चाकांना पाणी लागल्याचं दृश्य स्थानिकांना नवं नाही. पाणी येतं तसं तास-दीड तासात ओसरतंही, पण मागे चिखल सोडून जातं. इंटरनेटवर लंडन ब्रिजच्या भरतीच्या वेळा सहज मिळतात. इथे पाणी त्यानंतर साधारण तासाभराने चढतं. उधाणाचा दिवस असेल तर भरतीची वेळ टाळून नदीकाठचा टप्पा उरकावा.

ओहोटीला मात्र नदी इथे पूर्ण कोरडी पडत नाही, त्याचं कारण रिचमंडला 1894 मध्ये बांधलेला झडपांचा बंधारा. एकोणिसाव्या शतकात जुना लंडन ब्रिज पाडला, तेव्हा त्याच्या अरुंद कमानींनी अडवलेलं पाणी मोकळं झालं आणि ओहोटीच्या वेळी रिचमंड-ट्विकनहॅमला नदीच्या जागी चिखलाचं पात्र उरू लागलं. लोकांनी कित्येक वर्षं तक्रारी केल्या, तेव्हा हा बंधारा झाला. भरतीच्या आधी आणि नंतर सुमारे दोन-दोन तास झडपा वर उचललेल्या असतात. एरवी त्या खाली असतात आणि निम्म्या भरतीइतकं पाणी धरून ठेवतात. दरवर्षी शरदाच्या अखेरीस देखभालीसाठी काही आठवडे झडपा उघड्या ठेवल्या जातात. त्या काळात ओहोटीला नदीचा तळ उघडा पडतो. बघायला ते विलक्षण असतं, पण नावेचा भरवसा नसतो.

ऋतूंचं म्हणाल तर एप्रिलचा शेवट ते जून आणि सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर हे दोन काळ सर्वांत चांगले. डिसेंबरात चार वाजता अंधारून येतं, त्यामुळे हिवाळ्यात सकाळी लवकर निघावं. पायात नवे कोरे पांढरे बूट नकोत. काठावरची माती पावसानंतर निसरडी होते. पाऊस अंगावर घेण्याची तयारी बाराही महिने असावी.

ट्विकनहॅम स्टेशनातून बाहेर पडल्यावर लंडन रोडने दक्षिणेकडे चालत राहिलं, की दहा-बारा मिनिटांत गावाचा जुना भाग लागतो. चर्च स्ट्रीट ही छोट्या दुकानांची चिंचोळी गल्ली थेट सेंट मेरीज चर्चपाशी नेते. चर्चचा मनोरा मध्ययुगीन दगडाचा आणि बाकीची इमारत अठराव्या शतकातल्या विटांची, हा विजोडपणा चटकन डोळ्यांत भरतो. जुनी इमारत 1713 मध्ये कोसळली, मनोरा तेवढा राहिला. कवी अलेक्झांडर पोप याला इथेच पुरलं आहे. समोर नदी, आणि नदीत ईल पाय नावाचं बेट. 1960 च्या दशकात या बेटावरच्या हॉटेलात रोलिंग स्टोन्ससारखे त्या वेळी नवखे असलेले बँड वाजवत. हॉटेल 1971 मध्ये जळालं. आता तिथे घरं, नावांच्या दुरुस्तीचे कारखाने आणि चित्रकारांचे स्टुडिओ आहेत. पुलावरून पलीकडे जाता येतं, पण बहुतेक जागा खाजगी आहे, तेव्हा इथे फार वेळ घालवू नये. खरं थांबायचं ठिकाण दोन मिनिटांवर आहे.

ते म्हणजे यॉर्क हाउसची बाग. मराठी माणसाने ती चुकवू नये, कारण या वाड्याचे मालक होते सर रतन टाटा. हे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, जन्म 1871. अलीकडे आपल्यातून गेलेले रतन टाटा वेगळे; त्यांचे वडील नवल टाटा यांना सर रतन यांच्या पत्नी नवाजबाईंनी दत्तक घेतलं होतं. सर रतन यांनी यॉर्क हाउस 1906 मध्ये ऑर्लिअन्सच्या ड्यूककडून विकत घेतलं. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजाला आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गांधीजींच्या लढ्याला पैसा पुरवणारा, पाटलीपुत्राच्या उत्खननाचा खर्च उचलणारा, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला दारिद्र्याच्या अभ्यासासाठी देणगी देणारा हा माणूस इंग्लंडला आला, की या घरात राहत असे. त्यांनी जमवलेली चित्रं आणि कलावस्तू पुढे मुंबईला गेल्या. काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात ज्यांनी सर रतन टाटा संग्रह पाहिला असेल, त्यांना हा वाडा परका वाटणार नाही.

वाड्यात आता रिचमंड बरोची कचेरी आहे, बाग सर्वांना खुली. बागेचे दोन भाग आहेत आणि मधून रस्ता जातो. त्यावरच्या छोट्या दगडी पुलावरून नदीकडच्या भागात उतरायचं. तिथे झाडीच्या पार्श्वभूमीवर एकदम तो शिल्पसमूह समोर येतो. पांढऱ्या इटालियन संगमरवरातल्या, माणसापेक्षा मोठ्या जलकन्या खडकांवर चढताहेत, कुणी हात देऊन दुसरीला वर ओढते आहे, कुणी निसटता तोल सावरते आहे. सर्वांत वर उधळलेले घोडे आणि त्यांच्यामध्ये शिंपल्यात उभी असलेली स्त्री. ही शिल्पं मुळात व्हिटेकर राइट नावाच्या बड्या सावकाराच्या बागेसाठी मागवली होती. तो दिवाळखोर झाला, फसवणुकीच्या खटल्यात दोषी ठरला आणि 1904 मध्ये त्याने कोर्टाच्या इमारतीतच विष घेऊन जीव दिला. त्याच्या मालमत्तेतून ही शिल्पं टाटांकडे आली. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्यावर काळपट राडा फासून ठेवला होता. चांदण्यात चमकणारा संगमरवर जर्मन विमानांना खूण पटवून देईल, अशी भीती होती. आज जवळ जाऊन पाहिलं तर बोटांच्या पेरांवरचं, केसांच्या बटांवरचं काम दिसतं. कारंजं चालू असेल तर ओल्या दगडावरचा प्रकाश बघायला थोडा वेळ काढावाच.

बागेतून बाहेर पडून नदीलगतच्या गल्लीने पूर्वेकडे चालायचं. डावीकडच्या झाडीत ऑर्लिअन्स हाउस गॅलरी आहे. फ्रान्सचा पुढे राजा झालेला लुई फिलिप 1815 ते 1817 या काळात इथे राहिला, म्हणून हे नाव. मूळ घर 1926 मध्ये पाडलं गेलं, उरला तो जेम्स गिब्ज या वास्तुशिल्पज्ञाने 1720 च्या सुमारास बांधलेला अष्टकोनी दिवाणखाना. तोही गेलाच असता. नेली आयोनिडीस या बाईंनी तो विकत घेऊन वाचवला आणि मृत्युपत्राने नगरपालिकेला दिला. आत जायला पैसे पडत नाहीत. बाहेरच्या साध्या विटांवरून आतल्या चुन्याच्या नक्षीचा अंदाज येत नाही. छताकडे मान वर करून सावकाश बघावं. शेजारच्या जुन्या तबेल्यात कॅफे आहे.

पुढचं मार्बल हिल हे घर हेन्रिएटा हॉवर्ड या स्त्रीचं. नवरा दारुडा आणि मारकुटा, स्वतःला कमी ऐकू येत असे, दरबारातली जागा दुसऱ्या जॉर्जची प्रेयसी म्हणून. अशा आयुष्यातून मिळालेल्या पैशावर तिने 1724 ते 1729 या काळात स्वतःच्या नावावर हे घर बांधून घेतलं, जेव्हा विवाहित बाईची मालमत्ता नवऱ्याची मानली जाई. पोप, स्विफ्ट, गे हे लेखक तिचे मित्र. पोपने बाग आखायला मदत केली. घर पाहायला तिकीट नाही, मात्र उघडं असण्याचे वार ऋतूप्रमाणे बदलतात. भोवतीचं मैदान रोज खुलं असतं. हेही मैदान थोडक्यात बचावलेलं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाज कंपनीवाल्या कुनार्ड घराण्याने इथे घरं बांधायचं ठरवलं होतं. ती हकिकत टेकडीवर पोचल्यावर, कारण तिथूनच ती नीट समजते.

मार्बल हिलच्या खाली नदीवर एक छोटा धक्का आहे आणि तिथून हॅमर्टनची नाव सुटते. वेळापत्रक असं नाही. पलीकडे असली तर हात करायचा, नावाडी येतो. उन्हाळ्याच्या बाजूला ती रोज असते, हिवाळ्यात बहुधा शनिवारी-रविवारी, आणि हवा किंवा पाणी ठीक नसेल तर बंद. सायकली आणि बाबागाड्याही घेतात. नदी ओलांडायला दोन-तीन मिनिटं लागतात, पण या दोन-तीन मिनिटांच्या हक्कासाठी इंग्लंडमधल्या सर्वोच्च कोर्टापर्यंत भांडण गेलं होतं. वॉल्टर हॅमर्टन या नावाड्याने 1909 मध्ये एका पेनीत लोकांना पलीकडे सोडायला सुरुवात केली. जवळच जुनी ट्विकनहॅमची नाव होती आणि तिचा हक्क डायसर्टच्या अर्लच्या, म्हणजे पलीकडच्या हॅम हाउसच्या मालकाच्या, जमिनीशी जोडलेला. अर्ल आणि त्याचा नावाडी कोर्टात गेले. हॅमर्टनकडे पैसा नव्हता; गावकऱ्यांनी वर्गणी काढली. हाउस ऑफ लॉर्ड्सने 1915 मध्ये निकाल दिला तो हॅमर्टनच्या बाजूने. अर्लची नाव काळाच्या ओघात बंद पडली, हॅमर्टनच्या नावाची नाव अजून चालते.

नाव बंद असेल तर निराश व्हायचं कारण नाही. याच काठाने पुढे वीसेक मिनिटं चाललं की रिचमंडचा पूल लागतो. तो ओलांडून मागे वळलं, की पलीकडच्या काठाने कुरणाच्या बाजूने पीटरशॅमला येता येतं. हॅम हाउस तेवढं हुकतं.

आणि ते हुकू नये अशीच धडपड करावी. हॅम हाउस 1610 मध्ये बांधलं गेलं. त्याला आजचं रूप दिलं ते एलिझाबेथ मरे या बाईने, जी पुढे लॉडरडेलची डचेस झाली. चार्ल्स पहिल्याचा शिरच्छेद झाल्यानंतरच्या धामधुमीत हे घर सांभाळून ठेवणारी, राजेशाहीच्या गुप्त कटात सामील असलेली ही बाई. 1948 पासून घर नॅशनल ट्रस्टकडे आहे. ट्रस्टच्या सभासदांना प्रवेश मोफत, इतरांना तिकीट. घर सहसा दुपारी बारानंतर उघडतं, बाग त्याआधी. निघण्यापूर्वी वेळ तपासावी. लंडनमध्ये महिनाभर राहणार असाल आणि असे आणखी दोन-चार वाडे बघणार असाल तर सभासदत्व परवडतं.

आत बघण्यासारख्या वस्तू शेकड्यांनी आहेत. त्यांतल्या दोन मुद्दाम शोधाव्यात. एक, डचेसच्या खाजगी दालनातलं चहाचं टेबल. ते जावा बेटावरून आलेलं, काळ्या लाखेचं, सोनेरी नक्षीचं. जमिनीवर बसणाऱ्यांसाठी केलेलं म्हणून मुळात ते चौरंगाइतकं बुटकं होतं. खुर्चीवर बसणाऱ्या इंग्रज बाईला ते सोयीचं व्हावं म्हणून त्याच्याखाली पीळदार पायांची दुसरी चौकट बसवली. वाकून पाहिलं तर एक टेबल कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं तो सांधा दिसतो. सतराव्या शतकात चहा ही किती अपूर्वाईची चीज होती आणि पूर्वेकडचा माल इथल्या घरात कसा शिरत होता, याचा एवढा चोख पुरावा क्वचित सापडेल. दुसरी वस्तू तळघराजवळच्या दूधदुभत्याच्या खोलीत. तिथे दही-लोणी ठेवायच्या संगमरवरी फळ्या ज्या टेकूंवर आहेत ते टेकू बिडाचे, गायीच्या पायांच्या आकाराचे, खुरांसकट. लहान मुलं बरोबर असतील तर वाड्यातल्या सगळ्या तसबिरींपेक्षा हे पाय त्यांच्या लक्षात राहतात.

हॅम हाउसच्या मागून, पोलोच्या मैदानाच्या कडेने पीटरशॅमकडे पायवाट जाते. हा टप्पा सपाट आणि शांत, दहा-पंधरा मिनिटांचा. पीटरशॅमच्या सेंट पीटर्स चर्चच्या आवारात कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरची साधी कबर आहे. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचे नकाशे करणारा, ज्याच्या नावाने कॅनडात एवढं मोठं शहर वसलं, तो दर्यावर्दी आपल्या सफरीचा वृत्तान्त लिहिण्यासाठी या खेड्यात येऊन राहिला आणि 1798 मध्ये इथेच वारला. चर्चमधली बाकं दार असलेल्या लाकडी खोक्यांसारखी आहेत; प्रत्येक घराण्याचं खोकं वेगळं. पीटरशॅमचा मुख्य रस्ता मात्र जपून ओलांडावा, तो अरुंद आहे आणि वाहनं सतत असतात. ज्यांचे गुडघे इथे कुरकुरायला लागले असतील त्यांनी याच रस्त्यावरून 65 नंबरची बस धरून रिचमंडला जावं. यापुढे चढ आहे.

चढ पीटरशॅम गेटमधून सुरू होतो आणि पेम्ब्रोक लॉजपर्यंत दम काढतो. लांबी फार नाही, पण गवताचा उतार उभा आहे. थांबत थांबत चढावं.

रिचमंड पार्क म्हणजे साडेनऊशे हेक्टरांच्या आसपासचं राखीव रान. पहिला चार्ल्स 1625 मध्ये लंडनच्या प्लेगपासून पळून रिचमंडच्या राजवाड्यात आला आणि त्याला शिकारीसाठी हरणांचं रान हवंसं वाटलं. 1637 मध्ये त्याने लोकांची शेतं आणि गायरानं आत घेऊन भोवती भिंत घातली. लोक चिडले, तरी पायवाटा चालू राहिल्या. पुढे 1751 मध्ये राजकन्या अमेलिया पार्कची प्रमुख झाली आणि तिने दरवाजे बंद केले. तिच्या मर्जीतल्यांना तेवढा प्रवेश. रिचमंडचा एक बिअर बनवणारा जॉन लुईस एका गेटवर मुद्दाम घुसायला गेला, पहारेकरणीने त्याला अडवलं आणि त्याने दावा लावला. 1758 मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. दरवाजा हवा की भिंतीवर शिडी, असं त्याला विचारलं गेलं, तेव्हा त्याने शिडी मागितली. दरवाजा असला की तो पुन्हा बंद होण्याची किंवा हरणं पळण्याची सबब पुढे येणार, हे त्याने ओळखलं होतं. अधिकाऱ्यांनी शिडीच्या पायऱ्या मुद्दाम लांब लांब ठेवल्या. तो पुन्हा न्यायाधीशांकडे गेला आणि म्हाताऱ्या बायकांनाही चढता येईल अशा पायऱ्या करून घेतल्या. आज पीटरशॅम गेटमधून कुणीही कुणाला न विचारता आत येतं, त्यामागे हा माणूस आहे.

पार्कात सहाशेच्या वर हरणं मोकळी फिरतात. दोन जाती आहेत: तांबूस रंगाचं, सांबराएवढं मोठं रेड डिअर आणि ठिपक्यांचं, फताड्या शिंगांचं फॅलो डिअर. ती माणसाला सरावलेली दिसतात आणि तिथेच धोका आहे. किमान 50 मीटर अंतर ठेवावं, असा पार्कचा नियम आहे. खायला घालायचं नाही, फोटोसाठी पाठलाग करायचा नाही, नर आणि माद्या यांच्या मधून जायचं नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर हा माजावर येण्याचा काळ. नर डरकाळ्यांसारखे आवाज काढतात आणि शिंगांना शिंगं भिडवून झुंजतात. तो आवाज ऐकायचा तर सकाळी लवकर यावं, दुर्बीण आणावी आणि लांबूनच बघावं. मे ते जुलै पाडसांचा काळ. आई पाडसाला उंच नेच्यात लपवून चरायला जाते; एकटं पाडस दिसलं तर ते टाकून दिलेलं आहे असं समजून हात लावू नये. बरोबर कुत्रा असेल तर या दोन्ही काळांत फार जपावं.

उंच गवतात आणि नेच्यात गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होऊ शकतो. म्हणून पूर्ण पायघोळ विजार घालावी, वाटेवरून चालावं आणि घरी गेल्यावर पाय, गुडघ्यांच्या मागची बाजू नीट तपासावी. ओकची फळं, चेस्टनट, अळंबी असं काहीही वेचून आणायला मनाई आहे. ओकची फळं आणि चेस्टनट हे हरणांचं हिवाळ्यापूर्वीचं खाणं आहे.

शेकडो वर्षांच्या ओक वृक्षांखालून चालताना वरून ओळखीची किलबिल येते. कंठवाले पोपट! आपल्याकडच्या पिंपळावर दिसतात तेच. पिंजऱ्यांतून सुटलेल्या पक्ष्यांची प्रजा लंडनभर पसरली आहे आणि जुन्या ओकच्या ढोल्यांत ती घरटी करते. तिथल्या स्थानिक पक्ष्यांच्या जागा ते बळकावतात की काय, याची काळजी पक्षितज्ज्ञांना आहे.

पेम्ब्रोक लॉज हे जेवणाचं ठिकाण. राणी व्हिक्टोरियाने 1847 मध्ये हे घर पंतप्रधान लॉर्ड जॉन रसेल यांना राहायला दिलं आणि आईवडील गेल्यावर त्यांचा चार वर्षांचाही न झालेला नातू इथे वाढला. तो म्हणजे तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल. आता इथे उपाहारगृह आहे, गच्चीवरून टेम्सचं खोरं दिसतं. शाकाहारी माणसाला केक, सँडविच, सूप मिळतं; पण पोटभर खायचं तर घरून दशम्या किंवा थेपले आणावेत आणि बाहेर बाकावर बसून खावेत. चूल किंवा बार्बेक्यू पेटवायला बंदी आहे.

लॉजच्या बागेतच किंग हेन्रीज माउंड हा उंचवटा आहे. अ‍ॅन बोलीनचा शिरच्छेद झाल्याची खूण बघायला तिचा नवरा आठवा हेन्री इथे उभा होता, अशी कथा सांगतात. इतिहासकार ती मानत नाहीत. उंचवट्याचं खरं नवल वेगळंच. तिथल्या होली झुडपांच्या भिंतीत झरोका कापलेला आहे. त्यातून नजर लावली, की झाडांच्या बोगद्यापलीकडे, सुमारे 16 किलोमीटरवर, सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट बरोबर मधोमध दिसतो. या दृष्टिरेषेच्या आड इमारत येऊ नये असा नियोजनाचा नियम आहे. घुमटाच्या मागे स्ट्रॅटफर्डला एक मनोरा उभा राहिला तेव्हा केवढा गदारोळ झाला. झरोक्यातून बघताना तो मनोरा दिसतो आणि रागावणाऱ्यांचं म्हणणं पटतं.

पायांत जोर असेल तर इथून इसाबेला प्लांटेशनकडे जाऊन यावं. जाऊन-येऊन तीन-चार किलोमीटर वाढतात. एप्रिलअखेर ते मे मध्य या काळात तिथल्या ओढ्यांच्या काठांवर अझेलियाचे गुलाबी-जांभळे ताटवे फुलतात. इतर दिवसांत हा फेरा सोडला तरी चालेल.

पेम्ब्रोक लॉजहून उत्तरेकडे पंधरा मिनिटांत रिचमंड गेट. फाटकाबाहेर पडून सरळ टेकडीच्या कठड्यापाशी जावं. खाली टेम्स मोठं वळण घेते आहे, मध्ये बेट, अलीकडे गुरं चरणारं पीटरशॅमचं कुरण, पलीकडे मार्बल हिलची झाडी. सकाळपासून चाललेली सगळी वाट एका नजरेत. टर्नरने हा देखावा रंगवला, चित्रकार रेनल्ड्सने इथे घर बांधलं. अमेरिकेतल्या जेम्स नदीचं वळण पाहून विल्यम बर्डला हाच देखावा आठवला, म्हणून व्हर्जिनियातल्या शहराला रिचमंड नाव मिळालं. कुनार्ड कुटुंबाने मार्बल हिलवर रस्ते आखायला घेतले तेव्हा इथल्या रहिवाशांच्या लक्षात आलं, की हे हिरवं चित्र आता घरांच्या छपरांनी भरून जाणार. आंदोलन झालं, वर्गणी जमली, जमीन विकत घेतली गेली आणि 1902 मध्ये पार्लमेंटने खास कायदा करून हा देखावा कायमचा राखला. इंग्लंडमध्ये स्वतंत्र कायद्याने राखलेला देखावा हा एवढाच. पुढच्याच वर्षी मार्बल हिल लोकांसाठी उघडलं. ही सगळी हकिकत ट्विकनहॅमकडून आल्यामुळे कळते. वाट उलटी चालली तर आधी देखावा आणि मग तपशील, असं होतं आणि रंगत कमी होते.

गेटजवळून 371 नंबरची बस रिचमंड स्टेशनला जाते. चालायचं तर टेरेस गार्डन्समधून उतरत नदीवर यावं. समोर 1777 चा रिचमंड ब्रिज. लंडनमध्ये टेम्सवर आज उभ्या असलेल्या पुलांत हा सर्वांत जुना. पुलापासून स्टेशन दहा-बारा मिनिटांवर आहे. उजेड शिल्लक असेल तर वाकडी वाट करून रिचमंड ग्रीनवर जावं. मैदानाच्या एका कोपऱ्यात सातव्या हेन्रीच्या राजवाड्याचा दरवाजा उभा आहे. पहिली एलिझाबेथ 24 मार्च 1603 रोजी याच राजवाड्यात वारली. स्टेशनातून वॉटर्लूच्या गाड्या सतत आहेत, शिवाय डिस्ट्रिक्ट लाइन आणि मिल्डमे लाइन इथूनच सुटतात, त्यामुळे परतीला बसायला जागा मिळते.